अमेरिकेत सार्वजनिक सेवेत असणाऱ्यांची शैक्षणिक कर्जमाफी (पीएसएलएफ): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या सरकारी शाळा, काउंटीची रुग्णालये, ना-नफा संस्था आणि विद्यापीठे यांत आता पुष्कळ मराठी माणसे नोकरी करतात. त्यांच्यापैकी ज्यांच्या नावावर अमेरिकी केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज आहे, त्यांना पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, म्हणजे पीएसएलएफ, हा मोठा आधार ठरू शकतो. पण योजना जितकी उदार, तितकीच तिची कागदपत्रे कडक. दहा वर्षे इमानेइतबारे नोकरी आणि हप्ते दोन्ही करूनही, कर्जाचा प्रकार किंवा हप्त्याची योजना चुकीची होती एवढ्यासाठी हजारो लोकांचे अर्ज फेटाळले गेले. सुरुवातीच्या काळात शंभरातले जवळपास नव्व्याण्णव अर्ज नाकारले जात होते. आज चित्र बरेच बदलले आहे आणि दहा लाखांहून अधिक लोकांना माफी मिळाली आहे. तरीही अडखळण्याच्या जागा बहुतांशी त्याच आहेत, म्हणून खालची उत्तरे त्या जागांवर रेंगाळतात.

पीएसएलएफ म्हणजे नेमके काय?

२००७ साली अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्यातून ही योजना आली. सार्वजनिक सेवेत पूर्णवेळ नोकरी करता करता १२० पात्र मासिक हप्ते भरले की उरलेले कर्ज, मुद्दल आणि व्याज दोन्ही, माफ होते. १ ऑक्टोबर २००७ नंतरचेच हप्ते धरले जातात. त्यामुळे पहिली माफी २०१७ च्या ऑक्टोबरपासूनच मिळू शकत होती. माफ होणाऱ्या रकमेला वरची मर्यादा नाही आणि या रकमेवर केंद्रीय आयकर लागत नाही. राज्याच्या आयकराचे नियम वेगळे असू शकतात, ते आपल्या राज्यापुरते तपासा.

१२० हप्ते सलग असण्याची गरज नाही. मध्ये दोन वर्षे खासगी कंपनीत गेलात, तर ती दोन वर्षे मोजली जात नाहीत, पण आधीचे मोजलेले हप्ते पुसलेही जात नाहीत.

एखादा महिना मोजला जायला काय काय जुळावे लागते?

चार गोष्टी, आणि चारही त्याच महिन्यात. कर्ज डायरेक्ट लोन (केंद्र सरकारने थेट दिलेले) हवे, नोकरी पात्र मालकाकडे हवी, ती पूर्णवेळ हवी, आणि हप्ता पात्र परतफेड योजनेखाली पूर्ण भरलेला हवा. यातली एक जरी सुटली तरी तो महिना वाया जातो. तुमचे पद काय, काम किती सेवाभावी, याला इथे महत्त्व नाही. सरकारी रुग्णालयातला हिशेबनीस पात्र ठरतो आणि नफ्यावर चालणाऱ्या दवाखान्यात गरिबांवर उपचार करणारी डॉक्टर पात्र ठरत नाही. हे अनेकांना अन्यायाचे वाटते, पण नियम मालकावर आहे, कामावर नाही.

कोणती कर्जे चालतात?

फक्त डायरेक्ट लोन: डायरेक्ट सबसिडाइज्ड, डायरेक्ट अनसबसिडाइज्ड, डायरेक्ट प्लस आणि डायरेक्ट कन्सॉलिडेशन (जुनी कर्जे एकत्र करून केलेले नवे कर्ज). जुनी एफएफईएल (सरकारी हमीवर बँकांनी दिलेली) आणि पर्किन्स (कॉलेजांमार्फत दिलेली) कर्जे जशीच्या तशी चालत नाहीत. त्यांचे आधी डायरेक्ट कन्सॉलिडेशन लोनमध्ये रूपांतर करावे लागते.

खासगी बँकेचे कर्ज कधीच पात्र ठरत नाही. इथे एक धोका ठळक अक्षरांत सांगावा असा आहे: व्याजदर कमी मिळतो म्हणून केंद्र सरकारचे कर्ज एखाद्या खासगी कंपनीकडे रिफायनान्स केले (तिचे नवे कर्ज घेऊन जुने फेडले), तर पीएसएलएफचा रस्ता कायमचा बंद होतो. ते कर्ज पुन्हा सरकारी करता येत नाही. तीन वर्षांत कर्ज फेडून टाकू शकणाऱ्यांनी रिफायनान्सचा विचार जरूर करावा. पण दहा वर्षे सार्वजनिक सेवेत राहण्याची शक्यता असेल, तर त्या आकर्षक पत्रांना उत्तर देऊ नका.

माझे कर्ज भारतातल्या बँकेचे आहे. मी अमेरिकेत ना-नफा संस्थेत काम करतो. माफी मिळेल का?

नाही. स्टेट बँक, बँक ऑफ महाराष्ट्र, एखादी खासगी भारतीय बँक किंवा परदेशी शिक्षणासाठी कर्ज देणारी आंतरराष्ट्रीय कंपनी, यांच्या कर्जाला ही योजना लागूच होत नाही. अमेरिकी सरकारचे कर्ज मुळात नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि काही मोजक्या प्रकारच्या इतर रहिवाशांना मिळते. एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला ते मिळत नाही. त्यामुळे नागपूर किंवा पुण्याहून एमएस करायला आलेल्या बहुतेकांसाठी पीएसएलएफ हा विषयच नाही. त्यांना निदान भारतातल्या आयकराच्या जुन्या प्रणालीत व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत घेता येते, अर्थात भारतात करपात्र उत्पन्न असेल तर.

योजनेचा फायदा होतो तो अमेरिकेत वाढलेल्या मुलांना, शिक्षण घेताना ग्रीन कार्ड हातात असलेल्यांना, आणि मुलांच्या कॉलेजसाठी स्वतःच्या नावावर पॅरेंट प्लस कर्ज काढलेल्या आईवडिलांना.

मालक पात्र आहे की नाही हे कसे ओळखायचे?

केंद्र सरकार, राज्य, काउंटी, शहर, स्कूल डिस्ट्रिक्ट, आदिवासी जमातींची सरकारे, लष्कर, सरकारी विद्यापीठे हे सगळे मालक पात्र आहेत. आयकर कायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली करमुक्त असलेल्या ना-नफा संस्था पात्र आहेत. त्या कलमाखाली नसलेल्या काही ना-नफा संस्थाही ठरावीक सार्वजनिक सेवा देत असतील तर पात्र होतात, पण तिथे तपासणीला वेळ लागतो. अमेरिकॉर्प्स आणि पीस कॉर्प्स या सरकारी सेवा कार्यक्रमांतली सेवाही चालते. कामगार संघटना आणि राजकीय पक्षांच्या संघटना चालत नाहीत.

तपासायची पद्धत अशी: तुमचा डब्ल्यू-२ फॉर्म (मालक दरवर्षी देतो ते पगार आणि कराचे पत्रक) काढा. त्यात ‘बी’ या चौकटीत मालकाचा नऊ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे ईआयएन, असतो. स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मालक शोधण्याची सोय आहे. तिथे तो आकडा आणि नोकरीच्या तारखा भरा. उत्तर ‘पात्र’, ‘अपात्र’ किंवा ‘ठरलेले नाही’ असे येते. ‘ठरलेले नाही’ आले तर घाबरू नका. फॉर्म भरा, तपासणी तिथून सुरू होते.

नावावर विसंबू नका, ईआयएनवर विसंबा. ‘मेमोरियल’, ‘कम्युनिटी’, ‘सेंट अमुक’ अशी नावे असलेली रुग्णालये नफ्यावर चालणारी निघतात. आणि इमारत ना-नफा असली तरी पगार देणारा दुसराच असू शकतो.

रुग्णालय ना-नफा आहे, पण माझा पगार डॉक्टरांच्या खासगी गटाकडून येतो. मग?

मग सर्वसाधारण उत्तर ‘नाही’ असे आहे. आपत्कालीन विभाग, भूल, रेडिऑलॉजी या शाखांत हे फार घडते: फलक ना-नफा रुग्णालयाचा, डब्ल्यू-२ मात्र नफ्यावर चालणाऱ्या गटाचा. एजन्सीमार्फत काम करणाऱ्या नर्सेसचेही तेच.

एक महत्त्वाचा अपवाद आहे. काही राज्यांत कायद्यानेच ना-नफा रुग्णालयाला डॉक्टर थेट नोकरीवर ठेवता येत नाहीत. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा ठिकाणी कंत्राटावर काम करणाऱ्या डॉक्टरांचा काळ धरला जातो. व्यवहारात याचा फायदा कॅलिफोर्निया आणि टेक्सास इथल्या डॉक्टरांना होतो. फॉर्मवर सही त्या रुग्णालयाने करायची असते आणि ईआयएनही रुग्णालयाचा टाकायचा असतो, गटाचा नाही. या एका चुकीमुळे अर्ज परत येतात.

पूर्णवेळ म्हणजे किती तास?

आठवड्याला सरासरी ३० तास. मालक ३५ किंवा ४० तासांना पूर्णवेळ म्हणत असला तरी या योजनेसाठी ३० पुरे. दोन अर्धवेळ नोकऱ्या, प्रत्येकी १५ तास, दोन्ही मालक पात्र: चालते. फॉर्म मात्र दोन्हींकडून वेगळे भरून घ्यावे लागतात. भरपगारी रजा आणि एफएमएलए (कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा कायदा) खालची रजा यांमुळे महिना जात नाही. शाळेतल्या शिक्षकांचा करार वर्षातल्या किमान आठ महिन्यांचा असेल आणि त्या काळात सरासरी ३० तास भरत असतील, तर उन्हाळ्याची सुट्टीही धरतात.

कॉलेजात तासांवर शिकवणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब आहे. प्रत्येक क्रेडिट-तासाला ३.३५ ने गुणायचे. नऊ क्रेडिट शिकवत असाल तर ३०.१५ तास होतात, म्हणजे पूर्णवेळ. आठ क्रेडिटला २६.८, म्हणजे नाही. मनुष्यबळ विभागातल्या माणसाला हा गुणक अनेकदा ठाऊक नसतो आणि तो वर्गातले तास तेवढे लिहून मोकळा होतो. सही घेण्याआधी त्याला हा नियम दाखवा.

महाराष्ट्र मंडळ किंवा देवळाचे काम धरले जाते का?

स्वयंसेवा धरली जात नाही, कितीही तास केलीत तरी. अमेरिकेतली अनेक मराठी मंडळे आणि देवळे ५०१(सी)(३) संस्था आहेत हे खरे, पण पगारी नोकर असायला हवे आणि तास ३० भरायला हवेत. देवळात पगारावर असलेले पुजारी किंवा व्यवस्थापक पात्र होऊ शकतात. पूजाअर्चा किंवा धार्मिक शिकवण यांत गेलेले तास पूर्वी वगळायचे, आता वगळत नाहीत.

भारताचा वाणिज्य दूतावास चालत नाही, कारण तो परदेशी सरकारचा भाग आहे. संयुक्त राष्ट्रांसारख्या आंतरराष्ट्रीय संघटनाही चालत नाहीत. उलट, अमेरिकेत नोंदलेल्या ५०१(सी)(३) संस्थेने तुम्हाला थेट नोकरीवर ठेवून पुण्यात पाठवले, तर चालते, कारण जागा कुठली हे पाहत नाहीत. पण त्याच संस्थेने भारतात काढलेल्या वेगळ्या ट्रस्टच्या पगारपत्रकावर तुम्ही असाल तर नाही.

कोणत्या परतफेड योजनेत हप्ते भरायचे?

गोंधळ सर्वांत जास्त इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर.

उत्पन्नावर आधारित योजना पात्र आहेत. दहा वर्षांची स्टँडर्ड योजनाही पात्र आहे, पण तिच्यात १२० हप्त्यांत कर्ज पूर्ण फिटते, माफ व्हायला काही उरतच नाही. म्हणून पीएसएलएफचा फायदा घ्यायचा तर उत्पन्नावर आधारित योजनाच हवी. एक्स्टेंडेड आणि ग्रॅज्युएटेड योजनांत हप्ता सुरुवातीला हलका वाटतो, पण त्यांचे महिने मोजत नाहीत. पूर्वीचे हजारो नकार याच कारणाने आले.

जुन्या कर्जदारांसाठी, म्हणजे १ जुलै २०२६ पूर्वी कर्ज घेतलेल्यांसाठी, आज भरवशाची योजना इन्कम-बेस्ड रिपेमेंट, म्हणजे आयबीआर. १ जुलै २०१४ पूर्वीचे कर्ज असणाऱ्यांना तिच्यात ‘विवेकाधीन उत्पन्ना’च्या १५ टक्के, त्यानंतर पहिल्यांदा कर्ज घेतलेल्यांना १० टक्के भरावे लागतात. विवेकाधीन उत्पन्न म्हणजे तुमचे एजीआय (आयकर विवरणातले समायोजित एकूण उत्पन्न) वजा त्या वर्षीच्या दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम. २०२५ चे आकडे घेऊन पाहू. एकट्या माणसासाठी दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर, तिची दीडपट २३,४७५. एजीआय ६६,००० असेल तर उरतात ४२,५२५. त्याचे १० टक्के वर्षाला, म्हणजे महिन्याला सुमारे ३५४ डॉलर. चारजणांच्या कुटुंबाला दारिद्र्यरेषा ३२,१५०, म्हणून त्याच पगारावर हप्ता जेमतेम १४८ डॉलर होतो. आयबीआरचा हप्ता दहा वर्षांच्या स्टँडर्ड हप्त्यापेक्षा कधी वर जात नाही, ही तिची मोठी सोय.

पे अ‍ॅज यू अर्न (पीएवायई) आणि इन्कम-कंटिंजंट रिपेमेंट (आयसीआर) या उत्पन्नावर आधारित योजना २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२८ पर्यंत बंद होणार आहेत. उत्पन्नावर आधारित आणखी एक योजना म्हणजे सेव्ह, तिचे स्वतंत्र उत्तर खाली आहे.

२०२५ च्या कायद्यातली आरएपी ही योजना काय आहे?

४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन, म्हणजे आरएपी, आणला. तो १ जुलै २०२६ पासून आहे आणि त्याचे हप्ते पीएसएलएफला चालतात. त्या तारखेनंतर पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यांना उत्पन्नावर आधारित दुसरा पर्यायच नाही.

हिशेब आयबीआरहून वेगळा आहे. यात दारिद्र्यरेषेची वजावट नाही. संपूर्ण एजीआयवर टक्का लागतो, आणि तो दर दहा हजारांच्या टप्प्याला एकेकाने चढतो: १०,००० ते २०,००० ला १ टक्का, ६०,००० ते ७०,००० ला ६ टक्के, एक लाखाच्या वर १० टक्के. दहा हजारांच्या आत उत्पन्न असले तरी महिन्याला १० डॉलर भरावेच लागतात. अवलंबून असलेल्या प्रत्येक मुलामागे महिन्याला ५० डॉलर कमी होतात. वरच्याच ६६,००० च्या उदाहरणात हप्ता ३३० डॉलर येतो, म्हणजे आयबीआरच्या जवळपास. पण तीच व्यक्ती पुढे अडीच लाख कमावू लागली की आरएपीत सुमारे २,०८३ डॉलर भरावे लागतात आणि आयबीआरसारखे वरचे झाकण नाही. जास्त पगाराच्या शाखांतल्या डॉक्टरांनी हे आधीच मांडून पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे: जुना कर्जदार १ जुलै २०२६ नंतर एक जरी नवे सरकारी कर्ज काढेल किंवा कर्जांचे कन्सॉलिडेशन करेल, तर जुन्या योजनांचा त्याचा हक्क जातो. पुन्हा शिकायला जाण्याआधी किंवा ‘सगळी कर्जे एकत्र करून टाकू’ असे म्हणण्याआधी हे वाक्य परत वाचा.

मी सेव्ह योजनेत अडकलो आहे. ते महिने मोजले जातील का?

२०२४ च्या उन्हाळ्यात न्यायालयाने सेव्ह रोखली आणि तिच्यातल्या कर्जदारांना फॉरबेअरन्समध्ये (हप्ते तात्पुरते थांबवण्याच्या स्थितीत) टाकले गेले. तेव्हापासूनचे ते महिने पीएसएलएफला मोजले जात नाहीत, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून त्यांवर व्याजही पुन्हा चढू लागले. नोकरी पात्र असेल तर तिथे बसून राहणे म्हणजे महिने वाया घालवणे आहे. आयबीआरला अर्ज करा. गेलेल्या महिन्यांसाठी बायबॅकचा विचार करता येतो.

कोविड काळातली स्थगिती मात्र वेगळी होती. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२३ मधले शून्य हप्त्याचे महिने, नोकरी पात्र असल्यास, पूर्ण मोजले जातात. तुमच्या खात्यात ते दिसत नसतील तर बहुधा त्या काळाचा नोकरीचा दाखला दाखल झालेला नाही.

बायबॅक म्हणजे काय?

फॉरबेअरन्स किंवा डिफरमेंटमध्ये (हप्ते पुढे ढकलण्याच्या सवलतीत) गेलेले महिने नंतर पैसे भरून ‘विकत’ घेण्याची सोय. अट अशी की त्या महिन्यांत तुम्ही पात्र नोकरीत असायला हवे, आणि ते महिने धरल्यावर तुमचे १२० पूर्ण होऊन कर्ज माफ व्हायला हवे. मधल्या टप्प्यावर, म्हणजे ७० चे ८० करण्यासाठी, बायबॅक मिळत नाही. शिक्षण चालू असतानाचे आणि ग्रेस पीरियडचे (शिक्षण संपल्यावर हप्ते सुरू होण्याआधीच्या मुदतीचे) महिने विकत घेता येत नाहीत. कन्सॉलिडेशनच्या आधीचेही नाहीत.

अर्ज स्टुडंटएडवरच्या फेरविचार विनंतीच्या पानावरून होतो. त्या काळात उत्पन्नावर आधारित योजनेत तुमचा हप्ता जितका आला असता तितकी रक्कम मागितली जाते, आणि ती कळवल्यापासून ९० दिवसांत भरायची असते. रांग लांब आहे, उत्तराला कित्येक महिने लागतात. म्हणून बायबॅकच्या भरवशावर चालू हप्ते थांबवू नका. ज्यांना १२० च्या आत थोडेच महिने कमी आहेत, त्यांना कित्येकदा तेवढे महिने नियमित भरणेच जलद पडते.

डॉक्टरांना याचा एवढा फायदा का सांगतात?

कारण रेसिडेन्सीचा, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या पगारी प्रशिक्षणाचा, काळ धरला जातो. अमेरिकेतली बहुतेक प्रशिक्षण देणारी रुग्णालये सरकारी किंवा ना-नफा असतात. इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षे आणि पुढे फेलोशिपची तीन, अशा सहा वर्षांत तुटपुंज्या पगारावरचे लहान हप्ते भरत ७२ महिने होतात. त्यानंतर ना-नफा रुग्णालयात चारच वर्षे उरतात. २०२५ च्या कायद्याच्या एका मसुद्यात नव्या रेसिडेंट्सना वगळण्याची तरतूद होती. अंतिम कायद्यात ती आली नाही.

डॉक्टरांचे नुकसान होते ते दोन ठिकाणी. पहिले, रेसिडेन्सीत फॉरबेअरन्स घेणे. सर्व्हिसर (सरकारच्या वतीने हप्ते घेणारी कंपनी) ते चटकन देतो, पण तेवढे महिने जातात. दुसरे, शेवटच्या वर्षाचे आयकर विवरण न भरणे. शिकत असताना उत्पन्न शून्य असले तरी विवरण भरून ठेवा. आयबीआरमध्ये त्याच्या आधारे पहिल्या वर्षाचा हप्ता शून्य येऊ शकतो, आणि शून्य डॉलरचा ठरलेला हप्ताही पात्र हप्ताच असतो. पदवीनंतरचा सहा महिन्यांचा ग्रेस पीरियड टाळण्यासाठी पूर्वी लगेच कन्सॉलिडेशन करायचे. १ जुलै २०२६ नंतर तसे केल्यास आरएपीतच जावे लागते, हा सौदा आता तपासून घ्यावा लागतो.

वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावर मुले असलेल्या पालकांसाठी आणखी एक बदल: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदव्युत्तर आणि व्यावसायिक शिक्षणासाठीचे सरकारी) कर्ज मिळत नाही. व्यावसायिक पदव्यांसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर आहे. त्यावरची तूट खासगी कर्जाने भरली तर तो भाग माफीत येणार नाही. प्रवेश घेतानाच हा हिशेब करा.

मुलासाठी पॅरेंट प्लस कर्ज माझ्या नावावर आहे. माझी नोकरी धरतात की मुलाची?

तुमची. कर्जदार तुम्ही आहात. मुलगी सरकारी शाळेत शिकवत असली तरी उपयोग नाही. आई काउंटीच्या कार्यालयात आणि वडील खासगी आयटी कंपनीत असतील, तर कर्ज आईच्या नावावर असणे शहाणपणाचे ठरले असते. नंतर नाव बदलता येत नाही.

पॅरेंट प्लस थेट उत्पन्नावर आधारित योजनेत जात नाही. १ जुलै २०२६ च्या आधी कन्सॉलिडेशन पूर्ण झालेले असेल तर आधी आयसीआरमध्ये जाऊन, एक हप्ता भरून, पुढे आयबीआरमध्ये जाता येते. हे सगळे १ जुलै २०२८ च्या आत उरकावे लागते. १ जुलै २०२६ नंतर काढलेल्या पॅरेंट प्लसला आरएपीही मिळत नाही. म्हणजे माफीचा व्यवहार्य मार्ग उरत नाही.

कन्सॉलिडेशन केले तर आधीचे मोजलेले हप्ते जातात का?

पूर्वी शून्यावर यायचे. २०२३ च्या नियमांपासून भारित सरासरी काढतात. ३०,००० डॉलरच्या कर्जावर ६० हप्ते झालेत आणि तेवढ्याच दुसऱ्या कर्जावर एकही नाही, तर एकत्र केल्यावर ३० दाखवतील. म्हणून ज्या कर्जाची मोजणी पुढे गेली आहे ते नव्या कर्जात मिसळू नका. दोन कर्जे, दोन मोजण्या, हे चालते.

फॉर्म कसा भरायचा? पायऱ्या सांगा.

२०२४ पासून हे काम स्टुडंटएड डॉट गव्हवरच होते. लॉगिन करा, पीएसएलएफ हेल्प टूल उघडा, ईआयएन टाका, नोकरीची सुरुवात आणि शेवट (चालू असेल तर तसे) लिहा, आठवड्याचे तास लिहा. मग सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा ईमेल विचारतात. हा बहुतेक ठिकाणी मनुष्यबळ विभागाचा असतो, तुमच्या थेट वरिष्ठाचा असेलच असे नाही. मोठ्या विद्यापीठांत आणि रुग्णालयांत यासाठी एक ठरावीक पत्ता असतो, तो आधी विचारून घ्या. तुम्ही डिजिटल सही केली की त्या अधिकाऱ्याला डॉक्युसाइनचा ईमेल जातो. तो स्पॅममध्ये पडणे हे विलंबाचे नेहमीचे कारण आहे, म्हणून त्याच दिवशी फोन करून कळवा.

कागदावर करायचे असेल तर फॉर्म छापून पेनाने सही घ्या आणि अपलोड करा. टंकलेल्या अक्षरांतली सही नाकारतात, मग ती कितीही वळणदार असो. तारखा महिना-दिवस-वर्ष या क्रमाने पूर्ण लिहा. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला तर ५ सप्टेंबरचा ९ मे होतो आणि चार महिने हरवतात. खाडाखोड झाली तर नवा फॉर्म घ्या.

फॉर्मला शुल्क नाही. ‘आम्ही तुमचे कर्ज माफ करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या कंपन्यांना आपल्या खात्याचा पासवर्ड कधीही देऊ नका.

फॉर्म दहा वर्षांनी एकदाच भरला तर चालेल?

नियमाने चालेल, पण तसे करू नका. दरवर्षी एकदा आणि नोकरी बदलताना प्रत्येक वेळी भरा. संस्था बंद पडतात, विलीन होतात, ईआयएन बदलतात, आणि दहा वर्षांनी जुन्या ठिकाणी तुम्हाला ओळखणारे कोणी उरत नाही. दरवर्षी मोजणी कळत गेली की चूक तेव्हाच सापडते. डब्ल्यू-२, पगाराच्या पावत्या, सर्व्हिसरची पत्रे आणि हप्त्यांचा इतिहास यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. सर्व्हिसर बदलतो तेव्हा जुन्या नोंदी अर्धवट पोहोचल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

शेवटचा, माफीचा फॉर्म पात्र नोकरीत असतानाच दाखल करा. १२० झाले म्हणून आधी राजीनामा आणि मग अर्ज, असे करण्यात विनाकारण जोखीम आहे.

लग्नानंतर हप्ता वाढला. काही करता येते का?

संयुक्त आयकर विवरण भरले की दोघांचे उत्पन्न धरतात. विवाहित पण वेगळे विवरण भरले तर आयबीआर, पीएवायई आणि आरएपी तिन्हींत फक्त कर्जदाराचे उत्पन्न पाहतात. त्याची किंमत करात मोजावी लागते: वेगळे विवरण भरणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आणि इतर काही सवलती मिळत नाहीत. वर्षभरात हप्त्यात किती वाचते आणि करात किती जाते, हे दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नका. कॅलिफोर्निया, टेक्सास यांसारख्या सामाईक मालमत्तेच्या राज्यांत हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. तिथे कर सल्लागाराची फी वसूल होते.

४०१(के), ४०३(बी) (निवृत्तीच्या बचतीची खाती) आणि एचएसए (आरोग्यखर्चाचे बचत खाते) यांत जाणाऱ्या करपूर्व रकमा एजीआय कमी करतात, आणि त्याबरोबर हप्ताही. बचत आणि लहान हप्ता एकाच वेळी मिळवण्याचा हा सर्वांत साधा उपाय.

जास्तीचे पैसे भरले तर लवकर सुटका होईल?

नाही. १२० महिन्यांपेक्षा लवकर माफी मिळत नाही आणि जास्त भरलेली रक्कम फक्त माफ होणाऱ्या रकमेतून वजा होते. ठरलेला हप्ता तेवढा भरा. आगाऊ भरलेले हप्ते पुढच्या उत्पन्न-पडताळणीपर्यंत, जास्तीत जास्त १२ महिन्यांपर्यंत, पात्र नोकरी चालू असल्यास मोजता येतात, पण त्यातून मोजणीत वारंवार घोळ होतात. १२० नंतर भरलेले जादा हप्ते माफी मंजूर झाल्यावर परत मिळतात.

शिक्षकांसाठी वेगळी माफी आहे म्हणतात. दोन्ही घ्याव्यात का?

टीचर लोन फर्गिव्हनेसमध्ये कमी उत्पन्नाच्या भागातल्या शाळेत सलग पाच वर्षे शिकवल्यावर ५,००० डॉलर, आणि माध्यमिक स्तरावरचे गणित किंवा विज्ञान, अथवा कोणत्याही स्तरावरचे विशेष शिक्षण असेल तर १७,५०० डॉलर माफ होतात. तेच पाच वर्षांचे हप्ते पीएसएलएफला पुन्हा मोजत नाहीत. कर्ज मोठे असेल तर पीएसएलएफसाठीच थांबा. कर्ज वीस हजारांच्या आत असेल तर शिक्षकांची योजना बरी.

माझी संस्था पुढे अपात्र ठरू शकते का?

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस शिक्षण खात्याने एक नियम प्रसिद्ध केला. त्यानुसार ‘मोठ्या प्रमाणावर बेकायदा उद्दिष्ट’ असलेल्या मालकाला शिक्षणमंत्री अपात्र ठरवू शकतात. अंमलाची तारीख १ जुलै २०२६ ठेवली होती, आणि अनेक राज्ये, शहरे व संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. स्थलांतरितांना कायदेशीर मदत देणाऱ्या किंवा तत्सम क्षेत्रांत काम करणाऱ्या संस्थांमध्ये असाल तर दर काही महिन्यांनी आपल्या मालकाची स्थिती संकेतस्थळावर पाहा. नियमाप्रमाणे अपात्र ठरवण्याच्या तारखेआधीचे महिने काढून घेतले जात नाहीत, म्हणून आजपर्यंतच्या नोकरीचा दाखला लगेच नोंदवून घेणे हाच हातातला उपाय आहे.

मोजणी चुकीची वाटते. दाद कुठे मागायची?

आधी खात्यातली महिनावार यादी उतरवून घ्या आणि प्रत्येक अपात्र महिन्यापुढचे कारण वाचा. ‘नोकरीचा दाखला नाही’ हे कारण असेल तर नवा फॉर्म पुरतो. मालक चुकीने अपात्र ठरला किंवा भरलेला हप्ता दिसत नाही, असे असेल तर स्टुडंटएडवर फेरविचाराची विनंती करा आणि पुरावे तिथेच जोडा: बँकेचा उतारा, सर्व्हिसरचे पत्र, संस्थेचे ५०१(सी)(३) चे प्रमाणपत्र. उत्तर आले नाही तर शिक्षण खात्याच्या ओम्बड्समनकडे (तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे) तक्रार नोंदवा. तरीही हलत नसेल तर तुमच्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात सरकारी खात्यांशी पाठपुरावा करणारा कर्मचारी असतो. त्याच्याकडे संमतीपत्रासह प्रकरण द्या. तुम्ही त्या भागात राहता एवढे त्यासाठी पुरते.